राहून गेलेले कडवे

कोणत्याही लांबलचक कल्पित कथेला आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो. हे नाव मुळात एका संस्कृत ग्रंथाचे आणि त्या ग्रंथातल्या नायिकेचे. सातव्या शतकात, हर्षाच्या काळी, बाणभट्टाने तो लिहायला घेतला. पण पुरा होण्याआधीच त्याने डोळे मिटले. कथा ऐन रंगात येऊन थांबली होती. तेव्हा त्याच्या मुलाने लेखणी उचलली आणि उत्तरार्ध लिहून काढला. आरंभीच त्याने सांगून टाकले, की वडिलांबरोबर त्यांची वाणीही गेली, कथा मध्येच तुटली, आणि ती तुटल्याचे सज्जनांना दुःख होते एवढ्यासाठीच मी हे काम अंगावर घेतो आहे. कवी म्हणून मिरवण्यासाठी नव्हे. म्हणजे ज्या ग्रंथावरून आपण साऱ्या कादंबऱ्यांचे बारसे केले, तो ग्रंथच मुळी दोन हातांचा आहे!

बाणभट्टाच्या मुलाची आठवण मला अलीकडे वरचेवर होते. मात्र त्याचे कारण संस्कृत नाही. ते कारण आहे 'क्वीन' नावाच्या इंग्रजी रॉक बँडची शेवटची ध्वनिमुद्रिका. नाट्यसंगीतावर आणि भावगीतांवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने रॉकच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण घरात तरुण मंडळी असली, की त्यांची गाणी भिंतीपलीकडून कानांवर येतच राहतात. पहिल्यांदा त्रास होतो, मग सवय होते, आणि एखाद्या दिवशी आपण आपणहून विचारतो, "हे काल लावले होतेस ते कोणाचे रे?" असे विचारण्याची पाळी माझ्यावर आणली ती या बँडच्या गायकाने, फ्रेडी मर्क्युरीने.

आणि हा गायक तसा आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे खरे नाव फरोख बलसारा. बलसारा म्हणजे बलसाडचे, घराणे पारशी. वडील झांझिबारला इंग्रज सरकारच्या नोकरीत होते आणि तिथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी हा मुलगा जन्मला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला शिक्षणासाठी आपल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत ठेवले. महाबळेश्वरला जाता-येता टेबल लँडवर घोड्यावर बसणाऱ्या आणि स्ट्रॉबेरी घेऊन परतणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, की जगातला एक फार मोठा आवाज त्या लाल मातीच्या गावात फुटला? तिथेच तो पियानो शिकला, तिथेच मित्र त्याला 'फ्रेडी' म्हणू लागले, आणि तिथेच पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला. पुढे तो झांझिबारला परतला. १९६४ साली तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब बिऱ्हाड गुंडाळून इंग्लंडला गेले.

लंडनमध्ये १९७० साली गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रम्स वाजवणारा रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने 'क्वीन' उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन हा चौथा गडी बेस गिटार घेऊन आला, आणि मग वीस वर्षे या चौघांत कोणाची अदलाबदल झाली नाही. चौघेही गाणी रचणारे, चौघेही हट्टी. भांडत, रुसत, पण एकत्र राहिले. आपल्याकडे एकत्र कुटुंबे जशी टिकत, तसे.

१९८७ साली फ्रेडीला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या निदानाचा अर्थ काय होता, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा आढळला तो १९८६ साली, मद्रासला. पुढची कित्येक वर्षे हा शब्द घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. रोग्याची कीव करण्याआधी लोक त्याच्या वागण्याचा हिशेब मांडायला बसत. औषधे होती ती अपुरी; अनेक औषधे एकत्र देऊन रोग काबूत ठेवण्याची खात्रीची रीत हाती आली ती १९९६ च्या सुमारास. फ्रेडीजवळ तेवढा वेळ नव्हता. त्याने ही गोष्ट जगापासून लपवली आणि तिघा सोबत्यांनीही बाहेर अवाक्षर फुटू दिले नाही. वर्तमानपत्रवाले दारात तळ ठोकून असत. हे काही नाही म्हणून सांगत.

त्याने हा वेळ काढला तो कामात. 'द मिरॅकल' हा अल्बम १९८९ साली आला, 'इन्युएन्डो' फेब्रुवारी १९९१ मध्ये. या दुसऱ्या अल्बममधले शेवटचे गाणे ब्रायनने रचले, तेव्हा इतक्या चढ्या सुरांचे गाणे याला आता झेपेल का, अशी त्याला शंका होती. फ्रेडीने व्होडकाचा एक घोट घेतला आणि ते गाणे गाऊन मोकळा झाला. चालतानासुद्धा ज्याला वेदना होत होत्या, त्या माणसाच्या गळ्यात दुखण्याची खूण सापडत नाही.

बहुतेकांनी इथे हात जोडले असते. 'इन्युएन्डो' हातावेगळा होताच फ्रेडीने सोबत्यांना सांगितले, की मला आणखी गाणी द्या; जे द्याल ते गातो; मी गेल्यावर तुम्ही ती पुरी करा. ही निरवानिरव मला फार विलक्षण वाटते. माणसे मृत्युपत्रात घर लिहून ठेवतात, दागिने लिहून ठेवतात. याने आपला आवाज लिहून ठेवला, आणि तोही अर्धवट गाण्यांत. म्हणजे वारसांना नुसते घ्यायचे नव्हते, राबायचे होते.

हे काम झाले स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराकाठच्या मोंत्र गावी. तिथल्या कॅसिनोच्या इमारतीत 'माउंटन स्टुडिओज' नावाचा स्टुडिओ होता. तो बँडने १९७९ साली विकतच घेतला होता. लंडनच्या छायाचित्रकारांपासून दूर, समोर संथ पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर. १९९१ च्या पहिल्या सहामाहीत, ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी फ्रेडी स्टुडिओत येई. इथल्या हिवाळ्यावर त्याने स्वतः एक गाणे रचले, 'अ विंटर्स टेल'. त्यात तक्रार नाही, राग नाही. घराच्या ओसरीवर बसून समोरचे पाहणाऱ्या माणसाचे समाधान आहे. मृत्यू दारात उभा असताना हा माणूस खिडकीतून सरोवर पाहत होता आणि त्यावर गात होता, याचे मला राहूनराहून नवल वाटते.

याच दिवसांत 'मदर लव्ह' हे गाणे झाले. ब्रायन आणि फ्रेडी यांनी ते मिळून लिहिले. विषय असा, की जगाला थकलेला पुरुष आईच्या कुशीतल्या निर्धास्तपणाकडे परत जाऊ पाहतो. ब्रायन कागदाच्या कपट्यांवर ओळी लिहून देई आणि फ्रेडी त्या गाई. साथीला मागे यंत्राचा साधा ठेका. मधल्या भागाशी आल्यावर फ्रेडी म्हणाला, की इथे सूर पुरेसा वर जात नाही, आणखी वर गेले पाहिजे. आणि तो गेला. मे १९९१ ची ही गोष्ट. शेवटचे कडवे तेवढे राहिले होते. मग तो म्हणाला, की आता थकलो, थोडा आराम करतो, परत आलो की पुरे करू.

तो परत आला नाही. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्या आजाराची वाच्यता केली आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी तो गेला. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले. ज्या आईच्या मायेवर तो शेवटचे गायला, ती जेर बलसारा पुढे पंचवीस वर्षे जगली.

आता उरले तिघे, आणि फितींवरचा आवाज.

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. आपल्या मैफलीत गवई, तबला, पेटी सगळे एका बैठकीत, एकाच वेळी होते. उरते ती आठवण. स्टुडिओत तसे नसते. प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज फितीवर शेजारीशेजारी आखलेल्या वेगवेगळ्या वाटांवर मुद्रित होतो, आणि मग त्या सगळ्या वाटा एकत्र आणून गाणे सिद्ध होते. त्यामुळे जुन्या गाण्यातली साथ काढून टाकून नुसता गळा वेगळा करता येतो, आणि त्याभोवती नवे वादन उभारता येते. एरवी गायक साथीच्या आधाराने गातो. इथे गायक आधीच गाऊन गेला होता; आता साथीदारांनी त्याच्या मागून चालायचे होते, आणि तो वळून पाहणार नव्हता.

१९९१ च्या त्या महिन्यांतली गाणी जेमतेम तीन. अल्बमला तेवढी पुरणार नव्हती. मग जुन्या फिती धुंडाळल्या. १९८० साली म्युनिकच्या स्टुडिओत फ्रेडीने सहज पियानोवर बसून गुणगुणलेला एक छोटासा तुकडा सापडला. तोच वाढवून अल्बमचा आरंभ आणि शेवट केला. १९८५ साली त्याने स्वतंत्रपणे काढलेल्या अल्बममधली दोन गाणी घेतली, आणि त्यांची जुनी साथ काढून त्यांना बँडचे वादन दिले. रॉजरच्या दुसऱ्या एका बँडसाठी तो पूर्वी गायलेले 'हेवन फॉर एव्हरीवन' हे गाणे घेतले. एक गाणे तर निर्माता डेव्हिड रिचर्ड्स याने आवाजाच्या तुकड्यांतून जवळजवळ शिवून काढले. घरातली गृहिणी चिंध्यांची गोधडी करते ना, तसेच.

आणि हे काही गुण्यागोविंदाने झाले नाही. रॉजर आणि जॉन यांनी कामाला हात घातला, तेव्हा ब्रायन स्वतःच्या गाण्यांच्या दौऱ्यावर होता. १९९३ मध्ये तो परत आला आणि झालेले ऐकून त्याला वाटले, की हे असे नव्हे, पुन्हा केले पाहिजे. एकाच माणसाच्या तीन जिवलगांना तो माणूस तीन तऱ्हांनी आठवत असतो. त्यांतली खरी आठवण कोणाची, हे कोणी ठरवायचे? ज्यांच्या घरी वडिलांच्या पश्चात भावाभावांत 'बाबांना हे आवडले नसते' यावरून वाद झाले असतील, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ब्रायनने मग महिनोन् महिने त्या एकाकी आवाजाच्या संगतीत काढले. एकेक ओळ लावायची, ऐकायची, पुन्हा लावायची. या ब्रायनचा स्वभावच काम तडीस नेण्याचा. तरुणपणी बँडपायी सोडून दिलेला खगोलशास्त्रातला पीएच. डी.चा प्रबंध त्याने तीस-पस्तीस वर्षांनी, २००७ साली, पुरा करून दिला.

'मेड इन हेवन' हा अल्बम ६ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रसिद्ध झाला. मृत्यूला चार वर्षे व्हायला काही दिवस कमी. इंग्लंडात तो पहिल्या क्रमांकावर गेला. जॉन डीकन पुढे एखादे गाणे करून १९९७ नंतर निवृत्तच झाला. ब्रायन आणि रॉजर नव्या गायकांना घेऊन दौरे करीत राहिले, पण त्या गायकांची नावे ते बँडच्या नावापुढे बेरजेचे चिन्ह घालून वेगळी लिहितात. नुसत्या 'क्वीन' या नावाने आलेला शेवटचा स्टुडिओ अल्बम तो हाच.

मेलेल्या माणसाच्या कपाटातले उचकून बाजारात मांडणे बरे नव्हे, असे म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच झटकून टाकता येत नाही. गेलेल्याच्या नावावर पैसे मिळतात, हे जगात कोणाला ठाऊक नाही? म्हणून मी अशा कामांना एकच कसोटी लावतो. सांधा लपवला आहे की दाखवला आहे?

मोत्सार्टची गोष्ट पाहा. तोही १७९१ साली, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, एक रचना अर्धवट टाकून गेला. ती त्याच्या सुप्रसिद्ध 'रेक्विएम'ची, मृतांसाठी गायच्या प्रार्थनासंगीताची. पैसे बुडू नयेत म्हणून पत्नीने ती त्याच्या शिष्याकडून, झ्युसमायरकडून, पुरी करून घेतली. शिष्याने अक्षर गुरूसारखे काढले आणि वर गुरूची सहीसुद्धा ठोकली. रचना थोर आहे यात शंका नाही. पण तेव्हापासून आजतागायत पंडित भिंगे घेऊन बसले आहेत, की गुरू कुठे संपतो आणि शिष्य कुठे सुरू होतो. शिष्याचे श्रम गेले पाण्यात आणि गुरूच्या सुरांवर संशय बसला तो वेगळाच.

सांध्याची ही दृष्टी मला संगीताने दिली नाही, मावशीने दिली. माझ्या आईने धाकट्या भावासाठी विणायला घेतलेला स्वेटर तिच्या मागे सुयांवरच राहिला होता. मावशीने तो पुरा केला. आईचा हात सैल, मावशीचा घट्ट; डाव्या बाहीवर जिथे हात बदलला तिथे एक रेघ स्पष्ट दिसे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सगळा उसवून एका हाताने विणलात तर सारखा दिसेल." मावशी म्हणाली, "सारखा दिसेल हो, पण मग ताईचा कुठे राहील?"

'मदर लव्ह' मी ऐकतो तेव्हा मला हेच ऐकू येते. दोन कडवी फ्रेडी गातो, मधला तो उंच भाग गातो, आणि मग शेवटचे कडवे येते तेव्हा आवाज बदलतो. ते कडवे ब्रायन मे गातो. त्याचा गळा साधा आहे. फ्रेडीच्या आवाजातले तेज त्यात नाही, आणि ते आणण्याचा त्याने प्रयत्नही केलेला नाही. मित्र जिथे थांबला तिथून पुढचे तो आपल्या स्वतःच्या आवाजात गातो. 'लेट मी लिव्ह' या गाण्यातही असेच आहे; तिथे फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन एकामागून एक गातात. कोणी कोणाची नक्कल करीत नाही.

'मदर लव्ह' संपता संपता आणखी एक गोष्ट होते. १९८६ सालच्या मैफलीतला हजारो श्रोत्यांपुढचा फ्रेडी क्षणभर ऐकू येतो, मग विशीतल्या फ्रेडीने टोपणनावाने गायलेल्या एका गाण्याचा तुकडा, आणि शेवटी तान्ह्या मुलाचे रडणे. गाणे पुढे जाते आणि माणूस मागे मागे जात आईपाशी पोहोचतो. राहिलेले कडवे फ्रेडीला परत येऊन गाता आले नाही. मित्रांनी त्यालाच सुरुवातीपर्यंत पोहोचवून दिले.

हे सगळे आज सांगावेसे वाटते त्याला कारण आहे. १९९५ साली ब्रायनपुढे दुसरा मार्गच नव्हता, असे कोणी म्हणेल. आज आहे. २०२३ साली 'बीटल्स'चे एक गाणे आले. जॉन लेननने १९७० च्या दशकात घरी साध्या कॅसेटवर गायलेले ते गाणे; पियानोत बुडालेला त्याचा आवाज यंत्राने शिकूनसवरून वेगळा काढला. तिथे आवाज तरी लेननचा स्वतःचाच होता. पण आता यंत्रे त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत. जी ओळ माणूस कधी गायलाच नाही, ती त्याच्या हुबेहूब आवाजात गाऊन देतात. उद्या कोणी 'मदर लव्ह'चे शेवटचे कडवे फ्रेडीच्या आवाजात करवून घेतले, तर सांधा कुठेच सापडणार नाही. गोड लागेल. पुष्कळांना आवडेलही.

पण ते गाणे पुरे होईल का? मला वाटते, नाही. त्यात एका माणसाचे थकणे राहणार नाही, 'परत येतो' म्हणून जाणे राहणार नाही, आणि परत न आलेल्याच्या जागी उभे राहून, आपला आवाज त्याच्यासारखा नाही हे पक्के ठाऊक असताना, मित्राने गाणेही राहणार नाही. जाणाऱ्याचे काम पुरे करायचे म्हणजे तो गेलाच नाही असे भासवायचे नव्हे. तो इथवर आला होता हे दाखवायचे, आणि तिथून पुढे आपल्या पायांनी चालायचे.

मोंत्रला सरोवराच्या काठी १९९६ पासून फ्रेडीचा पुतळा आहे, एक हात उंच उभारलेला. या अल्बमच्या मुखपृष्ठावरही तोच आहे. पण त्याला भेटायला तितक्या लांब जायची गरज नाही. दिवाळीच्या चार दिवसांत घरी भाचेपुतणे जमतील. फराळ झाल्यावर त्यांच्यापैकी कोणालाही सांगा, की 'मदर लव्ह' लाव रे. ते चकित होतील, पण लावतील. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. फक्त शेवटच्या कडव्यापाशी कान द्या, आणि तिथे गाणारा कोण हे त्यांनाच विचारा.